रिकाम्या खाचेतून आलेली देवनागरी

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शाळेच्या हीरक महोत्सवात बोलण्याची संधी कार्यकारी मंडळाने मला दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. साठ वर्षांच्या आठवणी सांगणारे वक्ते या मालेत अनेक आहेत आणि ते त्या माझ्याहून सरसपणे सांगतील. माझी हयात यंत्रांच्या संगतीत गेली. म्हणून मी आज एका यंत्राची कथा सांगणार आहे. १९७५ ते १९९० या पंधरा वर्षांत घडलेल्या व्यक्तिगत संगणकाची ही कथा आहे. याच काळात आपली लिपी सामान्य माणसाच्या टेबलावरील संगणकात शिरली. ती कोणत्या वाटेने शिरली, हे आज फारसे कुणाला ठाऊक नाही.

हा विषय निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. हैदराबादेत राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींच्या घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी आणि कचेरीत इंग्रजी असते. अशा शहरात मुलाला मराठी शाळेत घालताना पालकांच्या मनात एक शंका हमखास येते : हा मुलगा संगणकाच्या जगात मागे तर पडणार नाही ना? शंका प्रामाणिक आहे. तिला भावनेच्या भरात उत्तर देऊन भागणार नाही. यंत्राचा इतिहास काय सांगतो ते पाहू आणि मग निर्णयाकडे वळू.

आरंभ अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क या गावी होतो. तेथील एमआयटीएस नावाच्या लहानशा कंपनीने तयार केलेला 'अल्टेअर ८८००' हा संगणक जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. तो सुट्या भागांच्या रूपात मिळे आणि ग्राहकाने डाख देऊन घरी जोडायचा असे. त्याला पडदा नव्हता, कळफलकही नव्हता. दर्शनी फळीवर खटक्यांची एक रांग आणि लुकलुकणारे तांबडे दिवे, एवढाच त्याचा चेहरा. एकेका बाइटसाठी आठ खटके वर-खाली करायचे, मग ती संख्या मेमरीत ठेवणारा खटका दाबायचा आणि पुढच्या बाइटकडे जायचे. मूळ यंत्रात मेमरी होती २५६ बाइट. आपल्या लिपीचे एक चिन्ह एका बाइटमध्ये बसते असे धरले, तर चार-पाच ओळींचे पत्र त्यात जेमतेम मावले असते.

असे यंत्र लोकांनी का घेतले? कारण त्याच्या पेटीत रिकामी जागा होती. आतील सर्व भाग शंभर तारांच्या एका सामाईक मार्गाने जोडलेले होते आणि त्या मार्गावर नवे कार्ड खोचण्याची सोय होती. थोड्याच काळात इतर कारागिरांनी त्या शंभर तारांना जुळणारी मेमरीची, टंकलेखक जोडण्याची, ध्वनिफीत जोडण्याची कार्डे विकायला आणली. यंत्र विकत घेणे ही सुरुवात होती. ते पुरे करणे मालकाच्या हाती होते.

त्याच यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी बेसिक ही भाषा तयार केली. त्या वेळी त्यांच्यापाशी अल्टेअर नव्हता. ॲलन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर इंटेलच्या ८०८० या प्रक्रियकाची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहिली आणि त्या नकलेवर बेसिक घडवले. ते कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपात नेऊन अल्बुकर्कला खऱ्या यंत्रात घातले, तेव्हा ते चालले. मात्र या भाषेला किमान ४ किलोबाइट मेमरी लागे. म्हणजे मूळ यंत्राच्या सोळापट. ज्याला खटक्यांच्या जाचातून सुटून शब्दांत आज्ञा लिहायच्या असतील, त्याने आधी मेमरीचे कार्ड घेतले पाहिजे. पुढच्या पंधरा वर्षांची चाल या एका उदाहरणात दिसते. नवे हत्यार आले की यंत्र अपुरे पडते, आणि यंत्रात भर घातली की नव्या हत्याराची वाट मोकळी होते.

१९७७ साली 'ॲपल टू' आला. त्याचे शिल्पकार स्टीव्ह वॉझ्नियाक. या यंत्राचे झाकण पेच न काढता हाताने उचलता येई आणि आत आठ खाचा ओळीने दिसत. खाचा दोनच असाव्यात, असे त्यांचे भागीदार स्टीव्ह जॉब्ज यांचे मत होते. वॉझ्नियाक आठांवर अडून बसले. पुढे काय काय जोडावेसे वाटेल हे आज आपल्याला सांगता येणार नाही, म्हणून जागा ठेवावी, असा तो विचार होता. मेमरीच्या चिपांसाठी मदरबोर्डवर आठ-आठ सॉकेटांच्या तीन रांगा होत्या. आठच का? तर एक चिप प्रत्येक बाइटमधील एकच बिट सांभाळी आणि बाइट पुरा व्हायला अशा आठ चिपा लागत. ४ किलोबाइटवर सुरुवात करून, पैसे जमतील तशा चिपा बदलत ४८ किलोबाइटपर्यंत जाता येई. त्या पलीकडे जायचे, तर १६ किलोबाइटचे जादा कार्ड होते.

१९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने या यंत्रासाठी 'सॉफ्टकार्ड' आणले. या कार्डावर झेड-८० हा निराळा प्रक्रियकच बसवलेला होता. ते खाचेत बसवले, की ॲपलला गॅरी किल्डॉल यांच्या सीपी-एम प्रणालीवरील सगळ्या आज्ञावल्या चालवता येत. एका यंत्राच्या देहात दुसऱ्या यंत्राचा मेंदू ठेवण्याचाच हा प्रकार. ही कल्पना ध्यानात ठेवावी. थोड्या वेळाने ती आपल्या लिपीच्या कामी येणार आहे.

भारतीय शाळांशी थेट संबंध आला तो मात्र इंग्लंडमधील एका यंत्राचा. बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली 'बीबीसी मायक्रो' तयार केला. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा याच यंत्राची निवड झाली. देशातील अनेक शाळांतील मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला संगणक हाच होता. यंत्रे थोडी आणि मुले अनेक, शिक्षकांचे प्रशिक्षण तुटपुंजे, आणि संगणकाची खोली बहुतेक वेळ कुलूपबंद, अशी पुष्कळ ठिकाणी त्याची अवस्था झाली, हे खरे आहे. पण यंत्राची घडण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेली होती. कळ दाबून सुरू केले की क्षणार्धात पडद्यावर बेसिक हजर. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या या बेसिकमध्ये चौकटी कंस उघडून त्याच आज्ञावलीत प्रक्रियकाच्या पातळीवरील आज्ञाही लिहिता येत. म्हणजे बाराखडी आणि व्याकरण एकाच पुस्तकात. १६ किलोबाइटच्या 'ए' प्रतिकृतीतील रिकामी सॉकेटे भरून तिची ३२ किलोबाइटची 'बी' करता येई. शिवाय 'ट्यूब' नावाच्या जोडणीतून बाहेरून दुसरा प्रक्रियक लावता येई.

या ट्यूबचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. एकॉर्नने स्वतःचा नवा प्रक्रियक आखायला घेतला, तेव्हा विल्सन यांनी त्याच्या आज्ञांची नक्कल बीबीसी बेसिकमध्येच लिहून पाहिली. स्टीव्ह फर्बर यांनी त्याची रचना केली. २६ एप्रिल १९८५ रोजी तयार होऊन आलेली पहिली चिप बीबीसी मायक्रोला ट्यूबवाटे जोडली आणि ती चालली. तिचे नाव एआरएम. या सभागृहातील प्रत्येकाच्या खिशात जो फोन आहे, त्यातील प्रक्रियक बहुधा याच घराण्यातील आहे. शाळकरी मुलांसाठी केलेल्या यंत्रावर, शाळकरी मुलांच्या भाषेत, हे काम झाले. सोपे साधन म्हणजे हलके साधन नव्हे, एवढे तरी यातून आपण शिक्षकांनी आणि पालकांनी घ्यावे.

आता ज्या यंत्राने कचेऱ्या व्यापल्या त्याकडे वळतो. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला 'पीसी' जाहीर केला. प्रक्रियक इंटेल ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, मेमरी १६ किलोबाइटपासून आणि विस्तारासाठी पाच खाचा. मदरबोर्डवर ८०८७ या गणिती सहप्रक्रियकासाठी एक मोठे सॉकेट रिकामे ठेवलेले होते. ज्याला अपूर्णांकांची अवजड गणिते करायची असतील, उदाहरणार्थ पुलाची किंवा धरणाची, त्याने ती चिप आणून बसवावी. काम कित्येक पटींनी वेगाने होई. मात्र या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. आयबीएमने यंत्राची तांत्रिक पुस्तिका छापून विकायला ठेवली. तिच्यात विद्युत्-मंडलांचे आराखडे होते आणि यंत्र जागे करणाऱ्या मूळ आज्ञावलीचा पाठही होता. त्यामुळे कुणालाही या यंत्रासाठी कार्ड बनवता येऊ लागले, आणि थोड्याच काळात इतर कंपन्यांनी तशीच यंत्रे स्वतंत्रपणे घडवली. भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक-धोरणाने आयातीच्या अटी सैल केल्या. त्यानंतर आपल्याकडे जी यंत्रे जोडली गेली, ती मुख्यतः याच कुळातील.

त्या काळी यंत्रात भर घालणे हे एक कसब होते. ते कसब ज्यांनी कधी पाहिले नाही अशा तरुणांसाठी थोडे सांगतो. कार्डाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या धातूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते; नाहीतर चिप आवाज न करता प्राण सोडते. चिपेचे पाय सॉकेटात सरळ उतरले पाहिजेत. एक जरी आत मुडपला, तर दोष शोधण्यात दिवस जाई. आयबीएमच्या यंत्रात मेमरीच्या चिपा आठाऐवजी नऊ लागत. नववी चिप उरलेल्या आठांचा हिशेब पडताळी आणि चूक आढळली की यंत्र थांबवी. मेमरी वाढवल्यावर मदरबोर्डवरील इवलेसे खटके बदलून ती वाढ यंत्राला कळवावी लागे. न कळवल्यास पैसे खर्चून आणलेली मेमरी असून नसल्यासारखी. दमट हवेत कार्डाच्या सोनेरी कडांवर किटण चढे आणि चांगले चाललेले यंत्र एकाएकी मुके होई. त्यावर शाळेच्या कंपासपेटीतले खोडरबर हा रामबाण उपाय होता. ते कडांवर हलके फिरवून कार्ड परत खोचले की यंत्र बोलू लागे.

याहून अवघड प्रश्न होता दोन कार्डांच्या भांडणाचा. कार्डाला प्रक्रियकाचे लक्ष वेधून घ्यायचे असेल तर त्याने एका ठरावीक तारेवर हाक द्यायची, अशी व्यवस्था होती. अशा तारा पीसीत आठच होत्या. त्यांतील एक घड्याळाला, एक कळफलकाला, एक फ्लॉपीला आधीच दिलेली. उरलेल्यांत नव्या कार्डांनी वाटणी करायची. दोन कार्डांनी एकच तार धरली, तर वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांनी एकच दाराची घंटा वापरल्यासारखे होई. घंटा वाजली की कुणाकडे पाहुणे आले हे कुणालाच समजेना. मग कार्डावरील चिमुकल्या टोप्या काढून दुसऱ्या काड्यांवर बसवायच्या आणि कोणते कार्ड कोणत्या तारेवर आहे याचा तक्ता कागदावर मांडायचा. जो असा तक्ता मांडू शके, त्याला यंत्र आतून समजले असे खुशाल मानावे.

हत्यारांच्या बाबतीतही असाच पालट झाला. आज्ञावली लिहायची तर लेखनाचे साधन निराळे, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे निराळे, तुकडे सांधणारे आणखी निराळे, आणि प्रत्येकासाठी फ्लॉपी बदलायची. एक स्वल्पविराम चुकला तर हे सर्व पुन्हा. नोव्हेंबर १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने 'टर्बो पास्कल' ४९.९५ डॉलरला विकायला काढले, तेव्हा तशी इतर साधने शेकडो डॉलरना मिळत. डेन्मार्कचे अँडर्स हाइल्सबर्ग यांनी लिहिलेल्या या साधनात लेखन आणि रूपांतर एकत्र होते आणि सगळा ऐवज ४० किलोबाइटांहून कमी जागेत मावे. चूक झाली की ते थेट चुकीच्या जागी आणून उभे करी. चूक आणि तिची जाणीव यांतले अंतर मिनिटांवरून सेकंदांवर आले. शिकणाऱ्यासाठी याचे मोल किती, हे शिक्षकांना मी सांगायला नको. गृहपाठाची वही आठवड्याने तपासून मिळणे आणि फळ्यापाशीच चूक दाखवली जाणे, यांत जो फरक आहे तोच हा.

मित्रहो, आता देवनागरीकडे येऊ. पीसीचा पडदा म्हणजे २५ ओळी आणि ८० रकाने यांची घट्ट चौकट. प्रत्येक घरात एक अक्षर. कोणत्या क्रमांकाला कोणती आकृती, हे एका चिपेत कायमचे कोरलेले. आकृत्या २५६, त्याहून एकही अधिक नाही. इंग्रजीला हे पुरून उरते. आपल्या लिपीत मात्र अक्षरे शेजारी शेजारी उभी राहत नाहीत. ती एकमेकांना मिठी मारतात. वेलांटी कधी मागून येते, उकार खाली लोंबतो, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरांची तर गणतीच नको. 'कि' लिहिताना डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, पण जिभेवर आधी क येतो. यंत्राने यातला कोणता क्रम जपावा?

या प्रश्नावर कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे विद्यार्थी मोहन तांबे यांनी काम केले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की मेमरीत उच्चाराचा क्रम जपावा आणि आकृती जुळवण्याचे काम वेगळ्या बुद्धीकडे सोपवावे. मेमरीत क आणि मग वेलांटी. पडद्यावर त्यांची जागा बदलून घेणे हे लिपी जाणणाऱ्या यंत्रणेचे कर्तव्य. साठवण आणि दर्शन यांची ही फारकत सगळ्या पुढच्या कामाचा पाया ठरली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि हे काम तेथे येऊन 'जिस्ट' या नावाने वाढले.

त्यातून निघाले जिस्ट कार्ड. आता मघाचे सॉफ्टकार्ड आठवावे. आयबीएमच्या पीसीची एक रिकामी खाच घ्यायची, तिच्यात हे कार्ड बसवायचे, आणि पडद्याचा ताबा त्याच्याकडे द्यायचा. चालू असलेली आज्ञावली परदेशात लिहिलेली असे. डीबेस असो की लोटस, तिला मराठीचा गंध नसे. ती आपली बाइट साठवी आणि पडद्याकडे पाठवी. कार्ड ते बाइट वाटेत उचलून घेई, त्यांची जोडाक्षरे बांधी, वेलांट्या जागच्या जागी लावी आणि देवनागरी पडद्यावर उमटवी. आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल न करता वीजबिलांच्या, मतदारांच्या, पगाराच्या याद्या आपल्या भाषेत करण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

कार्डाबरोबर दोन प्रमाणे आली आणि माझ्या मते ती कार्डाहून दीर्घायुषी ठरली. एक इस्की ही संकेतप्रणाली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने ती मानक म्हणून स्वीकारली. एका बाइटच्या २५६ जागांपैकी पहिल्या १२८ इंग्रजीसाठी होत्या तशाच ठेवल्या आणि वरच्या भागात भारतीय लिप्यांची वर्णमाला बसवली. मराठी, तेलुगू, कन्नड, बंगाली यांसाठी निरनिराळ्या माळा केल्या नाहीत. ब्राह्मीच्या सर्व लेकींना एकच माळ. त्यामुळे देवनागरीत लिहिलेले नाव एका आज्ञेने तेलुगू लिपीत दाखवता येई. हैदराबादच्या माणसाला याचे महत्त्व वेगळे समजावून देण्याची गरज नाही. उर्दूची लिपी निराळ्या घराण्यातील आणि उजवीकडून डावीकडे जाणारी असल्याने तिच्यासाठी मात्र वेगळी व्यवस्था करावी लागली.

दुसरे प्रमाण इनस्क्रिप्ट कळफलकाचे. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ते ठरवले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि सर्व लिप्यांना तीच मांडणी. मराठीत जी कळ क-ची, तीच तेलुगूत क-ची. एका भाषेत बोटे बसली की दुसरीत ती परकी राहत नाहीत.

या माळेत मराठीचे बारकावेही सांभाळले गेले. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत; एकात समुद्र आहे आणि दुसऱ्यात डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गल्लत झाली तर पंगतीत काय होईल ते आपण जाणता. दाक्षिणात्य भाषांतील कठोर र-साठी माळेत ऱ या वर्णाला जागा होती. त्याचेच अर्धे रूप आपल्या 'दऱ्यां'च्या उपयोगी आले. शेजारच्या भाषेसाठी राखलेल्या पाटावर आपल्यालाही बसायला मिळाले, असे म्हणावे. मात्र ळ हा वर्ण माळेत ल-च्या शेजारी बसला. शाळेत आपण ज्या क्रमाने 'ह ळ क्ष ज्ञ' घोकले, तो क्रम यंत्राला वेगळा शिकवावा लागतो.

कथा येथे सुखान्त व्हायला हवी होती, पण तशी झाली नाही. विंडोज आले, पडदा चित्रमय झाला आणि जादा कार्डाविना कोणतीही आकृती काढणे शक्य झाले. कार्डाची गरज सरली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर प्रमाणही विसरले गेले. छपाईच्या व्यवसायात असे फाँट रूढ झाले, की ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे काने, मात्रा आणि अर्धी अक्षरे बसवलेली होती. कागदावर उमटलेला मजकूर सुरेख दिसे. पण संगणकाच्या लेखी तो मराठी नव्हताच. ती इंग्रजी चिन्हांची अर्थहीन माळ होती. प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर धारिका उघडली, की पडद्यावर नुसते किडेमुंग्या. कार्डाच्या काळात इस्कीत साठवलेली यादी आज सहज वाचता येते, कारण युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधारे केली. तिच्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी, अधिक सामर्थ्यवान यंत्रावर केलेला मजकूर मात्र वाचण्यासाठी किल्ल्या शोधाव्या लागतात. यंत्राचे वय आणि मजकुराचे आयुष्य यांचा संबंध वाटतो तसा सरळ नाही. जो प्रमाण पाळतो, तो टिकतो.

युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि विंडोज २००० पासून सामान्य संगणकात तिची सोय झाली. तरीही मराठीचे काही देणे उरले होते. 'ॲलन', 'ॲपल' यांतील ॲ या आपल्या अक्षराला स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. अक्षर मिळवायला कुणीतरी प्रस्ताव मांडावा लागतो, तो तपासला जावा लागतो. लिपी यंत्रात आपोआप येत नाही.

या सर्वांतून मला जे म्हणायचे आहे ते आता मांडतो. आपली भाषा संगणकात आली, ती परदेशी उत्पादकाच्या कृपेने आली नाही. यंत्रात एक खाच रिकामी होती, तिची माहिती देणारी पुस्तिका छापलेली होती, आणि ती वाचून आपल्या लिपीचा विचार आपल्या डोक्याने करणारी माणसे येथे होती. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसती, तरी आपल्याला आणखी दहा वर्षे वाट पाहावी लागली असती. पहिल्या दोन गोष्टी योगायोगाच्या म्हणा. तिसरी शाळेत तयार होते.

जुन्या यंत्रांची महती गाऊन नव्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ती यंत्रे महाग होती, नाजूक होती आणि मूठभर लोकांच्याच वाट्याला आली. आजचा बंदिस्त फोन भाजीवाल्या मावशींच्या हातीही पोहोचला आहे आणि त्यात मराठी व तेलुगू दोन्ही आहेत. ही मोठीच प्राप्ती आहे. पण त्या बंदिस्तपणाची एक किंमत मुलांना मोजावी लागते. सुरू करताच जो संगणक 'आज्ञा दे' म्हणून थांबत असे, तो आता 'पाहत राहा' असे सांगतो. झाकण उघडत नाही, म्हणून आत काही आहे असा संशयही येत नाही.

पालकांच्या शंकेचे उत्तर मला येथे सापडते. बेसिक भाषेतील इंग्रजी शब्द काही डझन. ते मराठी शाळेतील सहावीचा मुलगा महिन्याभरात शिकतो. अवघड असते ते 'असे झाले तर काय, नाहीतर काय' हे क्रमवार मांडणे, आणि तो विचार मूल ज्या भाषेत भांडते, हट्ट करते, हिशेब मांडते त्याच भाषेत सर्वांत स्वच्छ होतो. इंग्रजी त्याने अवश्य आणि उत्तम शिकावी. पुस्तिका वाचायला ती लागेलच. पण जिस्ट कार्ड तयार होण्यासाठी इंग्रजी पुस्तिका वाचता येणे जितके आवश्यक होते, तितकेच 'कि' मध्ये आधी काय येते हा प्रश्न पडणेही आवश्यक होते. तो प्रश्न एकाच भाषेत वाढलेल्या परदेशी अभियंत्याला सहसा पडला नसता. दोन-तीन लिप्यांच्या सीमेवर वाढणाऱ्या आपल्या मुलांना तो पडू शकतो. ज्याला आपण उणीव समजतो, ती त्यांची शिदोरी आहे.

म्हणून या मंगल प्रसंगी माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, शाळेची जुनी हस्तलिखिते, स्मरणिका, निकालपत्रके ज्या ज्या फाँटांत अडकली आहेत, त्या सर्वांचे युनिकोडमध्ये रूपांतर माजी विद्यार्थ्यांनी वाटून घेऊन करावे. साठ वर्षांचा इतिहास किडेमुंग्यांच्या रूपात राहू नये. दुसरी, मुलांना इनस्क्रिप्ट कळफलक शिकवावा. तेलुगूच्या तासालाही तीच बोटे उपयोगी पडतील. तिसरी, शाळेत एक तरी यंत्र असे असावे की ज्याचे झाकण मुलांना उघडता येईल, ज्यातले काहीतरी काढून परत बसवता येईल, आणि बिघडले तरी कुणी रागावणार नाही. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुने सुटे भाग मिळतात. खर्च फार नाही. एक पेचकस, एक खोडरबर आणि धीराचा एक शिक्षक एवढी सामग्री पुरे.

शाळेचा अमृतमहोत्सव येईल, तेव्हा या व्यासपीठावरून बोलणारा कुणी आज पाचवी-सहावीच्या बाकावर बसलेला असेल. त्याच्यासाठी आपण एक खाच रिकामी ठेवू या. तिच्यात काय बसवायचे ते त्याचे तो ठरवील.